खांदेरीपासून आग्वादपर्यंत : दीपगृहांच्या वाटेवर

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



दहावी होऊन पन्नास वर्षं झाली तरी या सभागृहात उभं राहिलं की हात आपोआप मागे बांधले जातात. संयोजकांनी मला वीस मिनिटं दिली आहेत. पुढे जेवण आहे, हे मला ठाऊक आहे आणि तुम्हालाही.

कालपासून आपण सगळे एकमेकांना एकच प्रश्न विचारतो आहोत : सध्या काय करतोस? कुणी नातवंडं सांभाळतो, कुणी आंब्याची बाग बघतो, एक जण वकिली सोडायलाच तयार नाही. मी गेली पाच वर्षं दीपगृहं बघत फिरतो. मुंबई बंदराच्या तोंडापासून गोव्याच्या आग्वादपर्यंत. सगळी झाली नाहीत. काही आत जाऊन पाहिली, काही कुंपणाबाहेरून, आणि एक-दोन फक्त होडीतून. त्याबद्दल बोल, असं मला सांगण्यात आलं आहे.

आपल्या निरोप समारंभात चार जणांनी भाषणं केली होती. चौघांच्याही भाषणात एक वाक्य होतं : ‘शिक्षक हे जीवनसागरातील दीपस्तंभ आहेत.’ निबंधाच्या वहीतून ते उतरलं होतं आणि अजूनही सत्काराच्या पत्रिकांवर छापलं जातं. किनाऱ्यावरच्या शाळेतली आपण मुलं. संध्याकाळी पुळणीवर गेलं की खांदेरीचा दिवा लुकलुकताना दिसायचा. पण तो दिवा कसा चालतो, कोण लावतो, कुणासाठी लावतो, हे वाक्य म्हणणाऱ्या किंवा ऐकणाऱ्या कुणाला ठाऊक नव्हतं. आज थोडं ठाऊक झालं आहे, ते सांगतो. शेवटी त्या वाक्याकडेही बघू.

आधी गणित. सर समोर बसले आहेत, म्हणून जरा जपून. पृथ्वी गोल आहे, म्हणून समुद्रावर एका अंतरापलीकडे काही दिसत नाही. उंचावर ठेवलेला दिवा किती लांबून दिसेल? नववीत शिकवलेलं पायथागोरसचं प्रमेय इथे पुरतं. पृथ्वीची त्रिज्या एक बाजू, त्रिज्या अधिक दिव्याची उंची हा कर्ण, आणि दिव्यापासून क्षितिजापर्यंतची नजर ही तिसरी बाजू. हिशेब केला की सोपं सूत्र हाती लागतं : मीटरमधल्या उंचीचं वर्गमूळ काढा आणि त्याला साधारण साडेतीनने गुणा, म्हणजे किलोमीटरमध्ये अंतर मिळतं. समुद्रसपाटीपासून २५ मीटर उंचीवरचा दिवा सुमारे १८ किलोमीटरवरून दिसेल. १०० मीटरवरचा सुमारे ३६ किलोमीटरवरून. उंची चौपट केली, अंतर मात्र दुप्पटच झालं. बोटीवरचा माणूस स्वतः पाण्यापासून चार मीटर उंच उभा असेल, तर त्याच्या बाजूचे आणखी सातेक किलोमीटर मिळतात.

या एका सूत्राने कोकण किनाऱ्याची दीपगृहं मला उलगडली. रत्नागिरीला, देवगडला, अंजनवेलला मनोरे फार उंच का नाहीत? कारण कड्याने ती उंची आधीच दिली आहे. सड्याच्या टोकावर बेताचा मनोरा उभारला की काम झालं. उलट मुंबईच्या दक्षिण टोकाला, कुलाब्याच्या पुढे खडकांची जी रांग समुद्रात शिरते, तिथे पायाखाली डोंगर नाही. तिथलं प्राँग्ज दीपगृह म्हणजे थेट पाण्यातून वर आलेला उंच दगडी मनोरा. थॉमस ऑर्मिस्टन या अभियंत्याच्या देखरेखीखाली तो १८७५ मध्ये पुरा झाला. ओहोटीला खडकांवरून चालत तिथवर जाता येतं, भरतीला चहूबाजूंनी पाणी असतं. भरती-ओहोटीच्या मधल्या वेळात दगड बसवत तो मनोरा कसा उभा केला असेल, याचा विचार त्याच्याजवळून जाताना केल्याशिवाय राहवत नाही. परवानगीशिवाय तिथे जाता येत नाही. मी तो मासेमारीच्या बोटीतून पाहिला.

दुसरी गोष्ट भिंगाची. शंभर-दीडशे वर्षांपूर्वीचा दिवा म्हणजे तेलाची वात, नंतर केरोसिनची वाफ जाळणारी बत्ती. आपल्या गॅदरिंगला वीज गेली की पेट्रोमॅक्स पेटवायचे, त्यातली ती पांढरी जाळी आठवते? दीपगृहातही तसंच मेंटल असायचं, फक्त मोठं. एवढ्याशा उजेडाने तीस किलोमीटर कसं जायचं? उजेड सगळीकडे सांडतो, तो गोळा करून क्षितिजाकडे वळवावा लागतो. त्यासाठी जाड भिंग हवं, आणि जाड भिंग म्हणजे प्रचंड वजन. ऑगस्टिन फ्रेनेल या फ्रेंच संशोधकाने तोडगा काढला. भिंगाचं काम वाकलेल्या पृष्ठभागावर होतं, मधली काच नुसती भार असते. म्हणून त्याने मधली काच वगळून भिंगाच्या कडाच तेवढ्या एकाभोवती एक अशा मांडल्या. १८२३ मध्ये फ्रान्समधल्या कोर्दुआन दीपगृहात असं भिंग बसलं आणि तिथून ते जगभर गेलं. माणूस आत उभा राहू शकेल एवढं ते मोठं असू शकतं. जवळून बघितलं तर देवघरातल्या काचेच्या हंडीसारखं वाटतं, फक्त हंडी खोलीएवढी.

तिसरी गोष्ट चमकण्याची. दीपगृह उघडझाप का करतं? नुसता जळता दिवा असेल तर गावातला दिवा कोणता, बोटीवरचा कोणता आणि दीपगृह कोणतं, हे खलाशाला कसं कळणार? म्हणून प्रत्येक दीपगृहाची चमकण्याची रीत वेगळी. एखादं ठरावीक सेकंदांनी एकदा चमकेल, शेजारचं लागोपाठ दोनदा चमकून थांबेल, त्याच्या पलीकडचं तीनदा. खलाशी घड्याळ लावून मोजतो, यादीत बघतो आणि आपण कुठल्या गावासमोर आहोत ते ओळखतो. दिवसा दिवा दिसत नाही, म्हणून मनोऱ्याला रंग आणि पट्टे. शाळेत गणवेशावरून शाळा ओळखायची आणि हजेरीतल्या आवाजावरून मुलगा, तसंच हे.

यात गंमत अशी की बहुतेक जुन्या दीपगृहांत दिवा चमकत नाही, तो सतत जळतच असतो. फिरतं ते भिंग. भिंगाचा झोत तुमच्या डोळ्यांवरून गेला की तुम्हाला चमक दिसते. काही टनांचं भिंग फिरवायचं कसं? ते पाऱ्याने भरलेल्या गोल पन्हळीत तरंगत ठेवायचं. मग एका बोटाने ढकललं तरी फिरतं. मनोऱ्याच्या पोटातून खाली सरकणारं वजन ते फिरवायचं, भिंतीवरच्या लंबकाच्या घड्याळासारखं. ते वजन दर काही तासांनी हाताने वर ओढून घ्यावं लागे. म्हणजे रात्रभर कुणीतरी जागं असलंच पाहिजे. दिवसा भिंगाभोवती पडदे ओढायचे, नाहीतर ऊन त्यातून एकवटून आतलं सामान जाळेल. काचा पुसायच्या, पितळ घासायचं, काजळी काढायची. सूर्यास्ताला दिवा लावायचा, सूर्योदयाला मालवायचा. पावसाळ्यातही, सणालाही, घरी कुणी आजारी असलं तरीही.

आता आपल्या खांदेरीकडे येतो. थळच्या समोरचं हे बेट आपण लहानपणापासून बघत आलो. १६७९ मध्ये शिवाजी महाराजांनी तिथे तटबंदी सुरू केली आणि मायनाक भंडाऱ्याला कामावर पाठवलं. मुंबई बंदराच्या तोंडावर मराठ्यांचा किल्ला म्हणजे इंग्रज आणि सिद्दी दोघांच्याही छातीवर दगड. इंग्रजांनी नौका पाठवल्या, आपल्या समुद्रात लढाई झाली, पण किल्ला उभा राहिला. पुढे तो आंग्र्यांकडे आला, मग इंग्रजांकडे, आणि १८६७ मध्ये त्याच बेटावर दीपगृह उभं राहिलं. ज्यांना हे बेट बंदराच्या नरड्याला नख वाटत होतं, त्यांनीच बंदरात येणाऱ्यांना वाट दाखवायला त्यावर दिवा ठेवला. बेटावर वेताळाचं देऊळ आहे, कोळी बांधवांची त्याच्यावर मोठी श्रद्धा. दगडाने ठोकलं की धातूसारखा नाद देणारा एक खडक आहे. तटावर तोफा आहेत. आणि या सगळ्याच्या वर तो अष्टकोनी मनोरा. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा दर्जा दिला, त्यात आपली खांदेरी आहे. तेव्हा आपल्या गटावर अभिनंदनाचे फुगे भरपूर उडाले. पण काल मी हात वर करायला सांगितले, तेव्हा बेटावर पाय ठेवलेले आपल्यात सात जणच निघाले.

त्या वर्षांकडे जरा एकत्र बघा. आग्वाद १८६४, खांदेरी आणि रत्नागिरी १८६७, प्राँग्ज १८७५. दहा-बारा वर्षांत या किनाऱ्यावर दिवे लागत गेले. शिडाची गलबतं वारा आणि उजेड बघून निघत आणि रात्री बहुधा खाडीत विसावत. आगबोटी आल्या, त्या वेळापत्रकावर धावू लागल्या. १८६९ मध्ये सुएझ कालवा उघडला आणि युरोपचा प्रवास आखूड झाला. वेळापत्रक रात्रीसाठी थांबत नाही, म्हणून रात्रीची वाट उजळावी लागली. व्यापारासाठी लावलेले हे दिवे होते. पण दिव्याला कोण बघतो हे दिव्याला ठरवता येत नाही. साहेबाच्या बोटीला जो दिसला, तोच आपल्या तांडेलालाही दिसला. पुढे १९२७ मध्ये दीपगृहांचा कायदा झाला आणि बंदरात येणाऱ्या मोठ्या जहाजांकडून दीपशुल्क घ्यायची पद्धत देशभर एकसारखी झाली. मासेमारीच्या छोट्या होड्यांना हे शुल्क नाही. पैसे मोठ्यांनी द्यायचे आणि उजेड सगळ्यांनी घ्यायचा, अशी ही व्यवस्था. मला ती फार आवडते.

आता एक गोष्ट, जी आपल्यापैकी अनेकांच्या घरात आहे. १७ जुलै १९४७. आषाढी अमावास्या. सकाळी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट वादळी समुद्रात काशाच्या खडकाजवळ कलंडली आणि बुडाली. सहाशेहून अधिक माणसं गेली. रेवसच्या बाजूच्या मच्छीमारांनी आपल्या होड्यांतून जितक्यांना काढता आलं तितक्यांना काढलं. मुंबईला ही बातमी दुपारनंतर कळली. माझे थोरले काका त्या बोटीवर होते. गिरगावात छापखान्यात कामाला होते, सणाला घरी येत होते. ते आले नाहीत. माझी आजी त्यानंतर तीसेक वर्षं जगली, पण मुंबईला गेली ती पेणवरून एसटीनेच. बोटीत पाय ठेवला नाही.

लहानपणी मी वडिलांना विचारलं होतं, आपल्याकडे एवढं मोठं दीपगृह असताना बोट बुडलीच कशी? वडील म्हणाले, ‘दिव्याचं काम दिवा करतो, बोटीचं बोटीने करायचं असतं.’ तेव्हा ते उत्तर मला टाळाटाळ वाटलं. दीपगृहं बघताना ते नेमकं वाटू लागलं. सकाळची वेळ होती, खडक कुठे आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं. तुम्ही कुठे आहात आणि धोका कुठे आहे, एवढंच दीपगृह सांगतं. लाट ते अडवत नाही, गर्दी कमी करत नाही, सुकाणू धरत नाही. कुणी बुडत असेल तर धावून जात नाही. त्या दिवशी धावून गेल्या त्या रेवसकडच्या होड्या. किनाऱ्याला दोन्ही लागतात.

आता दक्षिणेकडे निघू. ज्यांना जायचं असेल त्यांनी सुरुवात कोर्लईपासून करावी. रेवदंड्याची खाडी ओलांडली की गाव आणि समुद्रात घुसलेला डोंगर. पायथ्याशी दीपगृह, वर पोर्तुगीजांचा किल्ला, आणि किल्ल्यावर जायची पायवाट दीपगृहाच्या आवारातूनच चढते. दीपगृह बघता येतं, कर्मचारी दिव्याची माहिती देतात. उतरताना गावात थांबा. तिथल्या ख्रिस्ती वस्तीत आजही पोर्तुगीज आणि मराठीच्या मिश्रणातून झालेली एक बोली घरात बोलली जाते. पोर्तुगीज जाऊन पावणेतीनशेहून अधिक वर्षं झाली, बोली राहिली.

पुढे गुहागर तालुक्यात अंजनवेल. वाशिष्ठीच्या मुखावर गोपाळगड, आणि जवळच टाळकेश्वराचं देऊळ व त्याच्या नावाचं दीपगृह. संध्याकाळी तिथून खाडीत शिरणाऱ्या होड्या बघाव्यात. खाडीचं तोंड वरून जेवढं रुंद दिसतं, तेवढी खोल पाण्याची वाट रुंद नसते, हे तिथे उभं राहिल्यावर कळतं. शास्त्री नदीच्या मुखाशी जयगड. तिथलं दीपगृह आणि कऱ्हाटेश्वराचं देऊळ एकाच फेरीत होतं. रत्नागिरीला भगवती किल्ल्याच्या तीन टेकड्यांपैकी दक्षिणेकडच्या टेकडीवर दीपगृह आहे. एका बाजूला मिऱ्या बंदर, दुसऱ्या बाजूला भाट्याची खाडी. आगबोटीच्या काळात रत्नागिरीचे उतारू समुद्रात उभ्या बोटीतून पडावात उतरत आणि पडावातून किनाऱ्याला लागत. आपल्या बाईंचं माहेर रत्नागिरीचं. एका हातात ट्रंक, दुसऱ्या हाताने धाकट्या भावाला धरून पडावात उडी मारायची, असं त्या वर्गात सांगायच्या, आणि आपण धड्याऐवजी तेवढंच ऐकायचो.

देवगडला दीपगृह किल्ल्याच्या आत आहे, १९१५ सालचं. संध्याकाळी थोडा वेळ तिकीट काढून वर जाता येतं. तिथल्या कर्मचाऱ्याने मला जी गोष्ट सांगितली ती तुम्हाला सांगायलाच हवी. मी विचारलं, ‘आता सगळं आपोआप चालतं, मग तुम्ही काय करता?’ ते म्हणाले, ‘साहेब, दिवा लागला का ते बघतो.’ मी हसलो. ते हसले नाहीत. म्हणाले, ‘यंत्र बंद पडलं तर यंत्राला कळत नाही ना. अंधारात कुणीतरी त्याची वाट बघत असतं.’ मग दाखवायला लागले : मुख्य दिवा, तो गेला तर दुसरा दिवा, वीज गेली तर जनरेटर, बॅटऱ्या. आणि या सगळ्याची रोज नोंद. वहीतलं अक्षर सुरेख होतं. आपल्या चित्रकलेच्या सरांनी शाबासकी दिली असती.

वेंगुर्ल्याच्या समोर खोल समुद्रात खडकाळ बेटांचा पुंजका आहे, वेंगुर्ला रॉक्स. तिथे दीपगृह आहे आणि गुहांमध्ये पाकोळ्यांची मोठी वसाहत. या पाकोळ्या लाळेपासून घरटी बांधतात. परदेशात त्या घरट्यांचं सूप करून पितात, म्हणून त्यांची चोरटी तस्करी चालत असे. निसर्गप्रेमी मंडळी आणि वनखात्याने त्यांच्या रक्षणासाठी बरंच काम केलं आहे. मी निवतीहून होडी केली होती. लाटा इतक्या होत्या की नावाड्याने उतरू दिलं नाही. बेटांना लांबून फेरी मारली आणि परत आलो. ज्या खडकावर दिवसाउजेडी पाय ठेवता आला नाही, तिथे माणसांनी सामान उतरवून मनोरा बांधला आणि वर्षानुवर्षं दिवा सांभाळला, एवढं बघून आलो. मला ते पुरलं.

गोव्यात आग्वाद. किल्ला १६१२ चा, आत गोड्या पाण्याचं मोठं टाकं. लांबून येणारी जहाजं इथे पाणी भरत, आणि ‘आग्वा’ म्हणजे पोर्तुगीजमध्ये पाणी, त्यावरून नाव. चार मजली जाड पांढरं दीपगृह १८६४ चं. १९७६ पर्यंत ते चाललं, मग शेजारी नवं उभं राहिलं. जुन्या गोव्यातल्या ऑगस्टिनियन मठाची मोठी घंटा मठ ओस पडल्यावर काही काळ आग्वादला होती. १८७१ मध्ये ती पणजीच्या चर्चमध्ये गेली आणि आजही तिथेच वाजते. जुन्या दीपगृहासमोर माझ्या डोळ्यांदेखत पंधरा मिनिटांत चाळीसेक जणांनी फोटो काढले. त्यातल्या एका मुलीने आईला विचारलं, ‘हे आधी काय होतं?’ आई म्हणाली, ‘किल्ल्याचा बुरूज.’ मी मध्ये पडलो आणि तिला पाच मिनिटं दीपगृह समजावलं. आई कंटाळली, मुलगी नाही.

इथे मी माझ्या खऱ्या मुद्द्यावर येतो.

आज बोटीवर जीपीएस आहे, मोबाईल आहे. दीपगृहांत मोठ्या भिंगांच्या जागी मुठीएवढे एलईडी आले, सौरऊर्जा आली. पारा विषारी, म्हणून पाऱ्यावर तरंगणारी भिंगं जाणार, ते बरोबरही आहे. १९२७ च्या कायद्याच्या जागी २०२१ मध्ये नवा कायदा आला. त्यात उपग्रह आणि रेडिओवर चालणाऱ्या साधनांचा विचार आहे आणि दीपगृहांचा वारसा म्हणून, पर्यटनासाठी उपयोग करायचाही. दीपगृहांवर आता उत्सव होतात, लिफ्ट बसतात, बागा होतात. माझा त्याला विरोध नाही. त्यामुळेच माझ्यासारख्याला आत जाता आलं.

पण दिव्याची गरज संपली का? हा प्रश्न मी आपल्यातल्याच एका मित्राला विचारला. आठवीनंतर त्याने शाळा सोडली, वडिलांची होडी घेतली, आज तो दोन ट्रॉलरचा नाखवा आहे आणि मागच्या रांगेत बसून मला हसतो आहे. तो म्हणाला, जीपीएस मी रोज वापरतो. पण रात्री बंदरात शिरताना पडद्याकडे एकदा बघतो आणि खांदेरीकडे एकदा. दोन्ही जुळलं की शिरायचं. नाही जुळलं तर थांबायचं आणि शोधायचं. एका यंत्रावर सगळा भरवसा ठेवायचा नाही, एवढंच त्याचं म्हणणं. उपग्रहाचे संकेत मुद्दाम बिघडवता येतात, हे आता जगभरच्या जहाजांना अनुभवाने ठाऊक झालं आहे. त्यामुळे दीपगृहं उद्या बंद होतील अशी भीती मला नाही.

मला भीती आहे ती दुसरी. दिवा राहील, पण तो सांभाळणाऱ्यांची माहिती जाईल. वजन ओढून भिंग फिरवणारे हात, मेंटल बदलणारे हात आता ऐंशीच्या पुढे गेले. आगबोटीतून पडावात उडी मारलेली माणसं दरवर्षी कमी होत आहेत. ‘रामदास’मधून वाचलेल्यांना आपण शाळेत असताना बाजारात बघत होतो. त्यांच्यापैकी कुणाला आपण बसवून विचारलं? मोजकं काही छापून आलं आहे, त्याबद्दल त्या लेखकांचे उपकार. पण आपल्या गावात जे होतं ते आपणच विचारायला हवं. पेंट लावलेला सुंदर मनोरा, समोर फोटोची जागा, आणि आत काय चालायचं हे सांगणारं कुणी नाही, अशी दीपगृहं मला पुढच्या पिढीला द्यायची नाहीत.

म्हणून तीन सूचना मांडतो. काल रात्री आपल्या तुकडीत त्यावर बोलणं झालं आहे.

पहिली. दरवर्षी डिसेंबर-जानेवारीत नववीच्या मुलांची एक सहल दीपगृहावर जावी. कोर्लई सोपं आहे, खांदेरीला परवानगी आणि समुद्र दोन्ही बघून जावं लागेल. तिथे मुलांनी उंची मोजावी, पायथागोरसने क्षितिज काढावं आणि रात्री पुळणीवर घड्याळ लावून दिव्याच्या चमका मोजाव्यात. भूगोल, भौतिक आणि भूमिती एका दिवसात. पहिल्या तीन वर्षांचा बसचा आणि होडीचा खर्च आपली तुकडी करील.

दुसरी. मुलांनी गावातल्या जुन्या तांडेलांना, आगबोटीने प्रवास केलेल्या आजी-आजोबांना, दीपगृहात नोकरी केलेल्यांना भेटून त्यांचं बोलणं मोबाईलवर ध्वनिमुद्रित करावं, आणि लिहून शाळेच्या ग्रंथालयात ठेवावं. भाषा जशी असेल तशी, कोळी असेल तर कोळी, आगरी असेल तर आगरी. शुद्ध करायला जाऊ नये. मराठीच्या बाई, ही सूचना तुमच्या परवानगीने.

तिसरी. दीपगृहांच्या आवारात मराठीत नीट माहितीफलक लागावेत म्हणून आपण माजी विद्यार्थ्यांनी संबंधित खात्यांना अर्ज करावा. मजकूर आपण लिहून देऊ. आपल्यात दोन इतिहासाचे प्राध्यापक आहेत, एक निवृत्त जहाज अभियंता आहे, आणि अर्जाचा पाठपुरावा करण्यात ज्यांचं आयुष्य गेलं असे सरकारी नोकरीतले किमान नऊ जण आहेत. ही ताकद थोडी नाही.

सर, बाई, सुरुवातीला म्हटलं होतं की त्या वाक्याकडे परत बघू. शिक्षक दीपस्तंभ आहेत का? मला वाटतं, आहेत, पण आम्ही निबंधात लिहायचो त्या अर्थाने नाहीत. आमची बोट तुम्ही वल्हवली नाही. काही जण भरकटले, काही खडकावर आदळले, दोन-तीन मित्र आज इथे नाहीत. ते थांबवणं तुमच्या हातात नव्हतं. पण खडक कुठे आहे ते तुम्ही रोज त्याच जागेवरून, त्याच वेळेला, पहिल्या बाकाला आणि शेवटच्या बाकाला सारखंच सांगत राहिलात. फी भरलेल्याला आणि फी माफ असलेल्यालाही. आणि दिवा लागला का ते रोज तपासत राहिलात. आमच्या वह्यांवरच्या तुमच्या लाल सह्या म्हणजे तीच नोंदवही होती.

नववीच्या सहलीच्या निधीची वही दाराशी टेबलावर ठेवली आहे. जेवायला जाताना तिच्यावरून नजर जाऊ द्या, आणि खिशातही हात जाऊ द्या.

माझी वीस मिनिटं संपली.